यादीत नसलेले पाळवणकर

१९३७ च्या फेब्रुवारीत मुंबई कायदेमंडळाची निवडणूक झाली. मुंबई शहरातल्या ई आणि एफ वॉर्डांच्या मतदारसंघात अस्पृश्यांसाठी एक जागा राखीव होती. निकाल लागला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावावर १३,२४५ मते होती आणि काँग्रेसने त्यांच्यासमोर उभ्या केलेल्या उमेदवाराच्या नावावर ११,२२५. फरक अवघा २,०२० मतांचा. महाडचे चवदार तळे, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, पुणे करार, येवल्याची धर्मांतराची घोषणा, एवढे सगळे करून आंबेडकर त्या निवडणुकीला सामोरे गेले होते. त्यांना इतक्या जवळून झुंजवणारा माणूस बॅरिस्टर नव्हता, पत्रकार नव्हता, फर्डा वक्ताही नव्हता. साठी ओलांडलेला तो एक निवृत्त गोलंदाज होता.

त्यांचे नाव पाळवणकर बाळू. स्कोअरबुकात आणि वर्तमानपत्रांत ‘पी. बाळू’.

अमेरिकेत एक वाद पुन्हा पुन्हा उकरून काढला जातो. प्रभावी कृष्णवर्णीय व्यक्तींची यादी करायची झाली तर तीत खेळाडूंना जागा द्यावी का? विरोधकांचे म्हणणे असे की ज्यांनी कायदे बदलले, शाळा काढल्या, तुरुंग भोगले, त्यांच्या रांगेत धावणाऱ्या-मारणाऱ्यांना बसवणे हा त्या कामाचा अपमान आहे. गोऱ्यांना काळा माणूस गाताना नि खेळताना नेहमीच चालत आला, विचार करताना चालला नाही. मग आपणही त्याच कौतुकात सामील का व्हायचे? हा आक्षेप हलका नाही. पण त्याचे उत्तर शोधायला अमेरिकेला जायची गरज नाही. आपल्याकडे तो प्रश्न धावपटू जेसी ओवेन्सच्या आधी, बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनच्या कितीतरी आधी उभा राहिला होता आणि त्याची सगळी गुंतागुंत एका चर्मकार कुटुंबातल्या भावांच्या आयुष्यात आहे.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. कुटुंब मूळचे कोकणातले, जात चांभार, वडील लष्कराच्या नोकरीत. पुढे कुटुंब पुण्यात आले आणि साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. शिक्षण बेताचे. पहिली नोकरी पारशांच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडायची आणि खेळपट्टीवर रूळ फिरवायची. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात लागले, तिथे ४ रुपये मिळू लागले. काम तेच: रूळ ओढणे, चुन्याच्या रेघा मारणे, जाळी बांधणे.

तिथल्या ट्रॉस नावाच्या एका साहेबाने त्यांना नेटमध्ये चेंडू टाकायला सांगितले आणि डाव्या हाताची ती संथ फिरकी क्लबाच्या लक्षात आली. कॅप्टन जे. जी. ग्रेग हा त्या काळच्या हिंदुस्थानातला सर्वांत नावाजलेला युरोपियन फलंदाज. तो इतर मंडळी यायच्या आधी तासभर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी, आणि आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे देई, अशी गोष्ट सांगितली जाते. आठ आण्यांची गोष्ट खरी असो वा रंगवलेली, तासन्‌तासांची गोलंदाजी खरी आहे. त्या सगळ्या वर्षांत एकदाही कुणी बाळूंच्या हातात बॅट दिली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची, घाम नेटिवाने गाळायचा. बाळूंनी मात्र त्या नोकरीत जे साधले ते दुसऱ्या कुठल्याही हिंदी गोलंदाजाला साधणे कठीण होते. देशातल्या उत्तम फलंदाजांचे पाय कुठे पडतात, नजर कुठे फसते, हे त्यांनी हजारो चेंडू टाकून पाठ केले.

पुण्याच्या हिंदूंना हा गोलंदाज हवा होता, आणि तो अस्पृश्य असल्यामुळे नकोही होता. संघात वाद झाला. शेवटी युरोपियनांना हरवण्याची इच्छा जिंकली आणि बाळू संघात आले. पण कशा अटींवर? मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावत. डाव थांबला की बाकीचे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनीमातीच्या कपांतून चहा पीत आणि बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. तोंड धुवायचे झाले तर एक अस्पृश्य गडी किटलीतून पाणी आणून मैदानाच्या कोपऱ्यात त्यांच्या हातावर घाली. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर.

त्या दृश्याजवळ मी थोडा थांबतो. क्रिकेटचा चेंडू कातड्याचा असतो. ज्या कातड्याच्या कामापायी चांभाराला गावाबाहेर ठेवले, तेच शिवलेले कातडे अकरा जण हातोहात फिरवत होते. गोलंदाज ते बोटांत धरी, पायजम्यावर घासी. यष्टिरक्षक ते छातीशी झेली. शिवाशिव पाळणारा कुणीही ब्राह्मण क्षेत्ररक्षक बाळूंच्या गोलंदाजीवर आलेला झेल विटाळाच्या भीतीने सोडत नव्हता. तो झेल घेतल्यावर आनंदाने ओरडत होता आणि पंधरा मिनिटांनी त्याच माणसाला चहासाठी बाहेर उभे करत होता. अस्पृश्यता धर्माची आज्ञा म्हणून पाळली जाते, असे सांगणाऱ्यांच्या समोर दर शनिवारी-रविवारी हा पुरावा मांडला जात होता की ती सोयीने पाळली जाते आणि सोयीने गुंडाळून ठेवता येते. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाता-पिता का येऊ नये, हा समाजसुधारक न्यायमूर्ती रानडे यांनी खेळाडूंना केलेला सवाल त्या पिढीच्या आठवणीत राहिला.

प्लेगच्या साथीच्या काळात बाळू मुंबईला आले. काही काळ लष्करात, मग बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरी. १८९४ साली स्थापन झालेल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घ्यायला काही सभासदांचा विरोध होता. कप्तान कीर्तिकरांनी आग्रह धरला आणि विरोध मागे पडला. ठाणे जिल्ह्यातल्या आम्हा शहापूरकरांना या ठिकाणी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. बाळू पुण्यात साहेबांच्या क्लबात लागले त्याच सुमारास, १८९२ मध्ये, आमच्या तालुक्यातल्या तानसा धरणाचे पाणी मुंबईला सुरू झाले. आमच्या डोंगरांतले ते पाणी चाळीला, बंगल्याला, जिमखान्याला एकाच नळातून गेले. ते प्यायची भांडी मात्र मुंबईतही वेगवेगळी होती. म्हणून हिंदू जिमखान्याच्या उपाहारगृहात सवर्ण खेळाडू बाळू आणि शिवराम यांच्याबरोबर बसून खाऊ-पिऊ लागले, ही घटना त्या काळच्या मुंबईत साधी नव्हती.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. वंगभंगाला चार महिने झाले होते, स्वदेशीची हवा तापली होती, जपानने रशियाला हरवल्याची बातमी अजून ताजी होती. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियनांना १९१ आणि १०२ मध्ये गुंडाळले. १०९ धावांनी विजय. त्यात बाळूंचे आठ बळी. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने या विजयाचे खरे मोल धावांत नाही तर संघाच्या रचनेत आहे, असे लिहिले: चांभार भावांना बरोबर घेऊन, त्यांच्याबरोबर जेवून हिंदूंनी हा सामना जिंकला होता. सुधारकांच्या व्याख्यानांनी जे होत नव्हते ते मैदानावर घडत होते, आणि घडत होते हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत.

पुढे १९११. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघात महाराजा, पारशी, मुसलमान, हिंदू, आणि पाळवणकर घराण्यातले दोन भाऊ. महाराजांचे लक्ष क्रिकेटपेक्षा दरबारी भेटीगाठींकडे जास्त होते. संघाची धूळधाण उडाली. प्रथम श्रेणीच्या चौदा सामन्यांपैकी फक्त दोन जिंकले. बाळू तेव्हा ३५ वर्षांचे होते, खांदा दुखत होता, आणि सगळा भार त्यांच्यावर होता. त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. इंग्लंडच्या काउंटी संघांनी त्यांना आपल्याकडे खेळायला बोलावले. त्याच उन्हाळ्यात कलकत्त्यात मोहन बागानच्या अनवाणी खेळाडूंनी गोऱ्या पलटणीला हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. तो विजय बंगालने आजवर जपला. बाळूंच्या ११४ बळींची आठवण महाराष्ट्राने तशी जपली नाही.

परत आल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी या भावांवर सविस्तर लिहिले आहे. त्यांच्या मांडणीत त्या सत्काराच्या मानपत्राशी एका विशीतल्या विद्यार्थ्याचे नाव जोडलेले आहे: एल्फिन्स्टन कॉलेजातला भीमराव आंबेडकर. पुढेही आपल्या सुरुवातीच्या सार्वजनिक आयुष्यात आंबेडकर बाळूंबद्दल अभिमानाने बोलत, असे गुहा नोंदवतात. हे लक्षात ठेवले पाहिजे. १९११ साली अस्पृश्य समाजात जन्मलेला, साऱ्या हिंदुस्थानाला नावाने ठाऊक असलेला माणूस कोण, असे विचारले तर उत्तर बाळू हेच होते. आंबेडकरांना तेव्हा कुणी ओळखत नव्हते. पुढाऱ्यांची फळी तयार व्हायची होती. आपल्यातला माणूस साहेबाला त्याच्या घरी जाऊन हरवू शकतो, हे ज्या मुलांनी त्या वर्षी ऐकले, त्यांच्यासाठी ती करमणूक नव्हती.

आता कप्तानपदाची हकीकत. माझ्या मते पाळवणकरांचे खरे मोठेपण बळींच्या आकड्यांपेक्षा या प्रकरणात आहे.

१९१२ पासून मुंबईत चौरंगी सामने सुरू झाले: युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. बाळू हिंदू संघातले सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू. कप्तानपद मात्र दरवर्षी कुणातरी सवर्णाकडे. १९१३ मध्ये एम. डी. पै कप्तान झाले. त्यांच्या सत्काराच्या समारंभात पै स्वतःच म्हणाले की हा मान खरे तर माझे मित्र बाळू यांना मिळायला हवा होता. ते माझ्याहून ज्येष्ठ आहेत. ज्याला लाभ झाला त्यानेच तो अन्याय आहे असे चारचौघांत सांगावे, हे आजही विरळा. पण निवड समितीवर त्याचा परिणाम झाला नाही. चेंडू टाकायला चांभार चालतो, हुकूम सोडायला चालत नाही. कप्तानाच्या हाताखाली ब्राह्मण आणि प्रभू उभे राहणार, कप्तान बोट दाखवील तिथे त्यांनी जायचे. सगळे अडले होते ते इथेच.

एव्हाना तिसरा भाऊ विठ्ठल संघातला उत्तम फलंदाज झाला होता. चौथा गणपत, तोही हिंदूंकडून खेळलेला. तो तरुणपणीच गेला. १९२० साली पै आजारी पडले. बाळूंना आधीच संघातून वगळले होते. कप्तानपदावर विठ्ठलचा हक्क उघड होता. समितीने प्रा. दि. ब. देवधरांना कप्तान नेमले. देवधर थोर फलंदाज, त्यांच्या गुणांबद्दल वाद नाही. पण मोठ्या क्रिकेटमध्ये ते तेव्हा विठ्ठलच्या मागून आलेले होते. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले. नुसते घरी बसले नाहीत. जातीमुळे आपल्याला डावलले, हे त्यांनी जाहीर निवेदन काढून सांगितले आणि ते वर्तमानपत्रात आले.

या निवेदनाची तारीख पाहा. महाडचा सत्याग्रह व्हायला अजून सहा-सात वर्षे होती. असहकाराची चळवळ नुकतीच सुरू झाली होती आणि गांधीजी अस्पृश्यतेला पाप म्हणत फिरत होते. अशा वेळी दोन चांभार खेळाडूंनी सांगितले की आम्हाला डावलाल तर आम्ही खेळणार नाही. हा असहकारच होता, फक्त सरकारशी नव्हता, आपल्याच धर्माच्या संघाशी होता. मुंबईत चर्चा झाली, लोक त्यांच्या बाजूने बोलले. समितीला वाकावे लागले. पुढच्या सामन्याला पै परतले, बाळूंना संघात परत घेतले, तेही उपकप्तान म्हणून. भाऊही परत आले. सामन्यात पैंनी काही वेळासाठी मैदान सोडले आणि तेवढा वेळ हिंदू संघ बाळूंच्या आज्ञेत खेळला. ४४ वर्षांच्या त्या माणसाला एवढेच नेतृत्व मिळाले.

पण दार उघडले होते. १९२३ साली विठ्ठल पाळवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले. त्या वर्षी हिंदूंनी अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले आणि प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून घेतले. उचलणाऱ्यांत सवर्णही होते. त्यांच्या कप्तानपदाच्या चार वर्षांत हिंदूंनी स्पर्धा तीनदा जिंकली. विठ्ठलनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले; ते १९४८ साली निघाले. मराठी दलित आत्मकथनांची चर्चा होते तेव्हा या पुस्तकाचे नाव क्वचितच निघते.

वेस्ट इंडीजची गोष्ट जगाला ठाऊक आहे. संघ काळ्या खेळाडूंच्या जिवावर चालायचा आणि कप्तान गोरा. सी. एल. आर. जेम्स या त्रिनिदादच्या विचारवंताने वर्तमानपत्रातून मोहीम चालवली, तेव्हा कुठे फ्रँक वॉरेल १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी कप्तान झाला. एका पूर्ण मालिकेचा पहिला कृष्णवर्णीय कप्तान म्हणून वॉरेलचे नाव इतिहासात आहे, कारण तिथल्या लेखकांनी ते तसे लिहून ठेवले. विठ्ठल पाळवणकरांचे कप्तानपद त्याच्या ३७ वर्षे आधीचे. दोन्हीकडे प्रश्न एकच होता: ज्याला खालचा मानला त्याचा हुकूम वरच्याने ऐकायचा की नाही.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. इथून पुढे ती अवघड होते, आणि आमच्याकडच्या अनेकांच्या मनात बाळूंविषयी जो दुरावा आहे तो इथला आहे.

१९३२ च्या ऑगस्टमध्ये जातीय निवाडा आला. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. आंबेडकरांच्या दहा वर्षांच्या कामाचे ते फळ. बाळूंचा स्वतंत्र मतदारसंघांना विरोध होता. मद्रासचे एम. सी. राजा आणि ते संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने होते. २० सप्टेंबरला येरवड्यात गांधीजींचा उपवास सुरू झाला. २४ सप्टेंबरला पुणे करारावर सह्या झाल्या. त्या सह्यांत पी. बाळू हेही नाव आहे. दुसऱ्या वर्षी बाळूंनी हिंदू महासभेच्या वतीने मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली आणि हरले. १९३५ मध्ये येवल्याला आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेव्हा बाळूंनी ती आत्मघाताची वाट ठरवली. आणि १९३७ ला काँग्रेसने त्यांनाच आंबेडकरांसमोर उभे केले.

हे वापरणे होते, यात मला शंका नाही. एका समाजाचा नेता अडचणीचा झाला की त्याच समाजातला लोकप्रिय, सौम्य, सर्वांना आवडणारा माणूस पुढे करायचा, ही सत्तेची जुनी रीत. अमेरिकेत तेच झाले. पॉल रोबसन हा थोर गायक-नट आणि स्वतः फुटबॉलचा नामांकित खेळाडू. बेसबॉलचे दार काळ्यांना उघडा, म्हणून १९४३ मध्ये तो बेसबॉलच्या धुरीणांना भेटायला गेला होता. १९४७ मध्ये ते दार जॅकी रॉबिन्सनसाठी उघडले. १९४९ मध्ये रोबसनच्या डाव्या विचारांमुळे सरकार बिथरले, तेव्हा अमेरिकन काँग्रेसच्या समितीसमोर त्याच्या विरोधात बोलायला रॉबिन्सनला बोलावले आणि तो बोलला. पुढे आपल्या आत्मकथेत त्याने लिहिले की आता बोलावले तर मी जाणार नाही. तरीही रॉबिन्सनला कुणी इतिहासातून काढून टाकलेले नाही. त्याची ती साक्षही इतिहासात आहे आणि १९४७ ची ती पहिली धावही.

बाळूंना मात्र आपण काढून टाकले. सवर्ण त्यांना आधी विसरले, कारण बाळूंना आठवायचे तर मातीच्या भांड्यातला चहा आठवावा लागतो. आंबेडकरी चळवळीने नंतर बाजूला ठेवले, कारण ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले. दुसरे कारण मला समजते. ते मी चूक म्हणत नाही. पण बाळूंच्या बाजूने विचार करून पाहा. ज्या हिंदूंनी त्यांना बाहेर उभे केले, त्याच हिंदूंना पंचवीस वर्षांत त्यांनी एकेक पायरी मागे हटताना पाहिले होते. आधी संघात, मग उपाहारगृहात, मग उपकप्तान, मग भाऊ कप्तान, मग खांद्यावर. हा धर्म बदलतो, मी तो माझ्या डोळ्यांनी बदलताना पाहिला, असे त्यांना वाटले असेल तर ती लाचारी नव्हती, तो त्यांच्या आयुष्याचा अनुभव होता. तो अनुभव अपुरा होता. जो बदल एका असामान्य गोलंदाजासाठी झाला तो खेड्यातल्या सामान्य माणसासाठी होत नव्हता. आंबेडकरांना हे दिसत होते आणि बाळूंना दिसले नाही. ११४ बळी न घेता पाणी कसे मिळेल, हा आंबेडकरांचा प्रश्न होता. त्या प्रश्नावर आंबेडकर बरोबर होते.

आमच्या भागाकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. बाळूंची कीर्ती रेल्वेने आणि वर्तमानपत्राने पसरली. कसाऱ्यापर्यंत ती आली असेल, मुरबाडच्या आडरानातल्या पाड्यावर ती पोचली असेल असे मला वाटत नाही. आंबेडकर मात्र प्रत्यक्ष या बाजूला आले. मुरबाडहून जवळच्या बदलापूरला १९२७ च्या शिवजयंतीच्या उत्सवाचे ते अध्यक्ष होते. वाचता न येणाऱ्यांपर्यंत, मैदान कधी न पाहिलेल्यांपर्यंत चळवळ पोचली ती अशा सभांनी आणि गावोगाव हिंडणाऱ्या कार्यकर्त्यांनी. खेळाडू हे काम करू शकत नाही, आणि नेत्याच्या जागी खेळाडूला बसवा असे कुणी म्हणत असेल तर मी त्याच्या विरुद्ध आहे.

पण यादी नेत्यांची नसून परिणाम घडवणाऱ्यांची असेल, तर तीत बाळू आहेत, शिवराम आहेत आणि विठ्ठल तर वरच्या भागात आहेत. खेळाडू म्हणजे फक्त करमणूक करणारा, हे म्हणणे १९२० च्या त्या निवेदनापुढे टिकत नाही.

शहापूर-मुरबाडला भाताची कापणी होऊन खळी आटोपली की रिकाम्या खाचरांत क्रिकेट सुरू होते. पोरे धसकटे उपटतात, ढेकळे फोडतात, विहिरीवरून पाणी आणून माती दाबतात, आणि कुठूनतरी मिळवलेला सिमेंटचा रूळ चौघे-पाचजण दोरीने ओढत राहतात, माती पायाखाली वाजेपर्यंत. मग चुन्याची रेघ. आदिवासी पाड्याचा संघ, आगरी वस्तीचा, कुणब्यांचा, बौद्धवाड्याचा. दुपारी भोंग्यावर समालोचन, झाडाखाली शेंगदाणे आणि बर्फाचे गोळे. रूळ ओढणे, रेघ मारणे, ही पी. बाळूंची तीन रुपयांची नोकरी. ती इथे मुले हौसेने करतात आणि मग तीच मुले बॅटही हातात घेतात. हा फरक पडला, तो आपोआप पडलेला नाही.

आश्रमशाळेतल्या मुलींना कविता राऊत माहीत आहे. कसारा घाट चढून गेले की पलीकडच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. पाण्यासाठी डोंगर तुडवणाऱ्या मुलीला आपण धावू शकतो हे कुणी भाषणातून पटवून देऊ शकत नाही. कविता धावल्यामुळे ते पटले. मुंबईच्या त्याच हिंदू जिमखान्यात माळीकाम करणाऱ्या गड्याचा मुलगा एकनाथ सोलकर १९६९ मध्ये भारताकडून कसोटी खेळला आणि २७ कसोटींत ५३ झेल घेऊन गेला. मैदान राखणाऱ्याच्या घरातून मैदान गाजवणारा येतो, हे बाळूंनी सत्तर वर्षे आधी दाखवून ठेवले होते.

एक आक्षेप आमच्याकडच्या जाणत्या कार्यकर्त्यांकडून मी ऐकतो: बाबासाहेबांच्या जयंतीला त्यांच्याविरुद्ध लढलेल्या माणसाचे नाव कशाला? त्यांच्या भावनेचा मान राखून मला एवढेच सांगायचे आहे की ज्या मानपत्राशी तरुण भीमरावांचे नाव जोडले जाते ते याच माणसाचे होते. मतभेद झाले ते नंतर, आणि ते झाले म्हणून आधीचे आयुष्य पुसले जात नाही. बाबासाहेबांशी चुकीच्या बाजूने लढले, हेही लिहा. पुणे कराराखालची सही लिहा, हिंदू महासभेची उमेदवारी लिहा. लपवून ठेवण्याजोगे काही नाही.

पाळवणकर बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. हिंदुस्थानला कसोटीचा दर्जा मिळण्याआधीच ते निवृत्त झाले, म्हणून कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव नाही. देवधरांच्या नावाने राष्ट्रीय करंडक झाला, रणजींच्या नावाने झाला, दुलीपसिंहांच्या नावाने झाला. बाळूंच्या किंवा विठ्ठलांच्या नावाने एकही नाही. मुंबईत प्रभादेवीला पी. बाळू मार्ग आहे, पी. बाळू कोण, असे तिथे विचारून बघावे.

करंडकाचा निर्णय मोठ्या मंडळांच्या हातात आहे. तो ते घेतील तेव्हा घेतील. पण १४ एप्रिलच्या आसपास शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत जयंतीनिमित्त स्पर्धा होतात, तिथल्या आयोजकांच्या हातात बरेच आहे. उत्कृष्ट गोलंदाजाचे बक्षीस पाळवणकर बाळू यांच्या नावाने द्या. उत्कृष्ट कप्तानाचे बक्षीस विठ्ठल पाळवणकरांच्या नावाने द्या. आणि बक्षीस देताना १९२० साली त्या भावांनी काय केले, ते पाच मिनिटे भोंग्यावरून सांगा.